सराफ आणि स्राफ : जुबैलच्या मण्यांची हकीकत



गेल्या शब्बाथनंतर चार मंडळी चहाला जमली असताना एका भगिनीने आम्हांला फोनवर एक फोटो दाखवला. पेण तालुक्यातील त्यांच्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा सौदी अरेबियात जुबैल येथे नोकरीस आहे. त्याने घरी पाठवलेला फोटो फिरत फिरत इकडे आला होता. फोटोत त्याच्या हातमोज्यावर मूठभर बारीक, गोल, तपकिरी दाणे होते. खसखशीपेक्षा मोठे नाहीत आणि नाचणीइतकेही नाहीत. खाली मराठीत लिहिले होते, "आमचा कारखाना यावर चालतो." भगिनी म्हणाल्या, "मायबाप, एवढ्याशा दाण्यांवर कारखाना कसा चालेल? लिहा की कधी आपल्या अंकात." तेव्हा लिहीत आहोत.

आपण शनवार तेली. कुलाबा जिल्ह्यात घाणा चालवणाऱ्यांची नातवंडे. सौदीच्या तेलाची गोष्ट आपणांस परकी वाटू नये, जरी तो घाणा फार मोठा आहे.

या दाण्यांना मराठीत राळ म्हणावे, इंग्रजीतून आलेला शब्द रेझिन. इब्रीत राळेला 'स्राफ' म्हणतात. हा शब्द ऐकला की आम्हांला झवेरी बाजारातला सराफ आठवतो, आणि गंमत अशी की हे दाणे करतात तेही सराफाचेच काम. नोट घ्यायची, तेवढ्याच मोलाची मोड द्यायची. शास्त्रात याला आयन-विनिमय म्हणतात, इब्रीत 'हाख्लाफात यॉनिम'. इब्रीत यॉनिम म्हणजे कबुतरेही, त्यामुळे पहिल्यांदा हा शब्द वाचला तेव्हा आम्हांला वाटले कबुतरांची अदलाबदल चालली आहे.

आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण. मीठ पाण्यात विरघळले की सोडियम वेगळा होतो आणि क्लोराइड वेगळे होते. सोडियमवर एक धन भार असतो. चुनखडीतून पाण्यात येणाऱ्या कॅल्शियमवर दोन. आता तो दाणा पाहा. तो आतून एका प्लॅस्टिकच्या जाळीचा असतो. स्टायरिन नावाच्या द्रव्याच्या लांब साखळ्या, आणि त्या एकमेकींना बांधणारी डायव्हिनायल बेंझिनची आडवी टाके. टाके नसते तर दाणा विरघळून गेला असता. जाळीवर जागोजागी गंधकाम्लाचे गट कायमचे जोडलेले असतात. त्यांच्यावर ऋण भार आहे, आणि ते जागचे हलू शकत नाहीत. भार मोकळा राहू शकत नाही, म्हणून प्रत्येक गटापाशी एक धन भाराचा पाहुणा असावाच लागतो. पाहुणा कोण, याला मात्र बंधन नाही. सोडियम बसला असेल आणि बाजूने कॅल्शियम गेला, तर दोन सोडियम उठतात आणि एक कॅल्शियम बसतो. सराफाचा हिशेब, मोल जुळलेच पाहिजे.

हे आपल्या घरातही रोज घडते. इथे आलो त्या सुरुवातीच्या वर्षांत आपल्या आया तक्रार करीत, की इथल्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, कितीही वेळ चुलीवर ठेवा. ते त्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे काम. आणि कुमकुमच्या तळाशी साचणारी पांढरी अवनितही त्याचेच. (इब्रीतला कुमकुम म्हणजे चहाची किटली, हे कळेपर्यंत पहिल्या आठवड्यात दुकानात कुणी कुंकू शोधत असेल, तर आम्हांला आश्चर्य वाटणार नाही.) ज्यांच्या घरी भांडी धुण्याचे यंत्र आहे त्यांनी यंत्राच्या तळाचे झाकण उघडून त्यात मीठ घातले असेल. ते मीठ भांड्यांसाठी नाही. यंत्राच्या पोटात हेच दाणे असतात. त्यांवर कॅल्शियम भरून बसला की मिठाच्या दाट पाण्यात सोडियमची इतकी गर्दी लोटते की कॅल्शियमला जागा सोडावी लागते, आणि दाणे पुन्हा नव्यासारखे होतात.

या शास्त्राचा इतिहास लिहिणारे काही लेखक सुरुवात कुठून करतात, हे ऐकून वाचकांना मौज वाटेल. ते शमोथ पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायापासून करतात. समुद्र पार केल्यावर तीन दिवस पाणी नाही, मग मारा येथे पाणी मिळाले ते कडू, आणि मोशे रब्बेनूंनी देवाच्या सांगण्यावरून पाण्यात लाकूड टाकले तेव्हा ते गोड झाले. कुजत्या लाकडात आम्लाचे गट असतात व ते कडू मॅग्नेशियम धरून ठेवू शकतात, असा त्यांचा तर्क. आम्ही यावर भाष्य करीत नाही. मोशे रब्बेनू रसायनतज्ज्ञ होते असे आमच्या हाझानसाहेबांसमोर म्हणायची आमची छाती नाही.

पुराव्यानिशी गोष्ट सुरू होते ती इंग्लंडात, १८५० मध्ये. थॉम्पसन आणि वे या दोघांनी दाखवले की शेणखताचे पाणी मातीतून गाळले की माती त्यातला अमोनिया धरून ठेवते आणि बदल्यात चुना सोडते. खत पावसाबरोबर वाहून का जात नाही, याचे उत्तर त्यांना मिळाले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत पाणी मऊ करण्यासाठी कृत्रिम खनिज बनवले गेले. मग १९३५ मध्ये अॅडम्स आणि होम्स या दोन इंग्रजांनी दाखवले की फिनॉलपासून बनवलेली कृत्रिम राळही हे काम करते. त्यांना ही कल्पना फुटक्या ग्रामोफोन तबकडीवरून सुचली, असे सांगतात. आज वापरात असलेला स्टायरिनचा दाणा १९४० च्या दशकात अमेरिकेत डालेलिओ याने बनवला.

आता जुबैलकडे येऊ, कारण तिथले दाणे पाणी मऊ करीत नाहीत. निदान आमच्या फोटोतले तरी नाहीत.

दाण्यावर सोडियमऐवजी नुसता हायड्रोजनचा आयन, म्हणजे प्रोटॉन, पाहुणा म्हणून बसवला तर काय होईल? आम्ल म्हणजे तरी काय, प्रोटॉन द्यायला तयार असलेला पदार्थ. म्हणजे हा दाणा तीव्र गंधकाम्लासारखा वागतो, पण हातात धरता येतो, चाळणीने गाळता येतो. या एका गोष्टीवर अब्जावधी रुपयांचे उद्योग उभे आहेत. का, ते सांगतो.

रसायनात कितीतरी जोड्या अशा असतात की मधे आम्ल असल्याशिवाय त्या जमत नाहीत. आम्ल स्वतः खर्च होत नाही, काम जुळवून मोकळे होते. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. आपल्यात लग्न जमवणारा शदखान असतो, तसा. पातळ गंधकाम्ल वापरले तर अडचण अशी, की लग्न झाल्यावरही हा शदखान नवरा-नवरीच्या घरातच राहतो. त्याला बाहेर काढायला कॉस्टिक सोडा घालावा लागतो. त्यातून मिठाचे खराब पाणी निघते, ते टाकायचे कुठे हा प्रश्न, आणि दरम्यान लोखंडी टाकीही तो खाऊन टाकतो. दाण्यातले आम्ल मात्र दाण्याला बांधलेले. एका उंच नळकांड्यात दाणे भरायचे, वरून कच्चा माल सोडायचा, खालून तयार माल निघतो. शदखान आपल्या घरी, जोडपे त्यांच्या घरी.

पहिल्या स्टायरिन दाण्यांत एक उणीव होती. पाण्यात ते फुगतात आणि जाळी उघडते, पण तेलासारख्या द्रवात जाळी मिटलेली राहते, आणि आतले आम्ल आतच कोंडून राहते. १९६० च्या सुमारास असे दाणे निघाले की ज्यांच्या अंगात कोरडेपणीही कायमची भोके असतात, पावाच्या लाद्यांसारखी. अशा एका ग्रॅम दाण्यांच्या आतल्या सगळ्या भिंती पसरल्या तर साधारण पन्नास चौरस मीटर होतील, म्हणजे एका लहान फ्लॅटची जमीन. फोटोतले दाणे तपकिरी आणि अपारदर्शक दिसतात ते याच भोकांमुळे. पाणी मऊ करणारे दाणे बहुधा मधाच्या थेंबासारखे आरपार दिसतात.

सौदी अरेबियात तेल सापडले ते १९३८ मध्ये, दम्मामच्या सातव्या विहिरीत. तेलाबरोबर वायू वर येतो. पुष्कळ वर्षे तो वायू जागच्या जागी जाळून टाकीत, रात्री वाळवंटात मशाली दिसत. १९७५ पासून वायू गोळा करण्याची मोठी योजना हाती घेतली गेली, आणि त्याच सुमारास दम्मामच्या उत्तरेस शंभरेक किलोमीटरवर, मासे आणि मोती काढणाऱ्या जुबैल नावाच्या गावाशेजारी, औद्योगिक शहर वसवायचे ठरले. १९७६ मध्ये साबिक ही सरकारी कंपनी निघाली. तिच्या कारखान्यांना त्यांनी जुन्या विद्वानांची नावे दिली. एकाचे नाव इब्न सीना, दुसऱ्याचे इब्न झुह्र. हा दुसरा बाराव्या शतकातील सेव्हिलचा हकीम, आणि आपले रंबम, मोशे बेन मैमोन, आपल्या वैद्यकीय ग्रंथांत त्याचा फार आदराने उल्लेख करतात. रंबमच्या आवडत्या वैद्याच्या नावाने पेट्रोलसाठी द्रव्य बनवणारा कारखाना निघावा, हे कुणाच्या स्वप्नातही आले नसेल.

इब्न झुह्र कारखान्यात १९८८ मध्ये आणि इब्न सीनामध्ये १९९४ मध्ये एमटीबीई नावाचे द्रव्य बनू लागले. हे बनते दोन गोष्टींपासून. वायूपासून मिथेनॉल हे मद्यार्काच्या जातीचे विषारी द्रव्य बनते. आणि आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात असतो त्या ब्यूटेनपासून, त्याची घडण बदलून आणि त्यातला हायड्रोजन काढून, आयसोब्यूटीन बनते. ही दोन नुसती एकत्र ठेवली तर एकमेकांकडे पाहतही नाहीत. दाण्यांच्या थरातून पन्नास-साठ अंश उष्णतेला सोडली की दाण्यावरचा प्रोटॉन आयसोब्यूटीनवर जाऊन बसतो, त्यामुळे आयसोब्यूटीन अस्वस्थ होते आणि शेजारच्या मिथेनॉलला धरते. जोडी जमली की प्रोटॉन सुटून पुन्हा दाण्यावर येतो. शंभरातली नव्वदाहून अधिक आयसोब्यूटीन अशी जोडली जाते. हा पहिला व्यापारी कारखाना इटलीत रावेन्ना येथे १९७३ मध्ये निघाला होता, आणि इब्न झुह्रच्या भागीदारांत एक इटालियन कंपनीही होती.

या द्रव्याची गरज का पडली, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. पूर्वी इंजिन ठोकू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिसे घालीत. भायखळ्याच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये उभे राहून आपण ते वर्षानुवर्षे छातीत भरून घेतले. लहान मुलांच्या मेंदूला शिसे घातक ठरते हे सिद्ध झाल्यावर देशोदेशी ते बंद झाले, भारतात २००० मध्ये, सौदी अरेबियात २००१ मध्ये. शिशाची जागा भरून काढणाऱ्या द्रव्यांत एमटीबीई प्रमुख होते. त्या दाण्यांचे हे श्रेय आम्हांला मोठे वाटते.

पण दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. एमटीबीई पाण्यात सहज मिसळते. कॅलिफोर्नियात सांता मोनिका शहराने १९९६ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद केल्या, कारण पंपांच्या गळक्या टाक्यांतून ते विहिरींत उतरले होते. शंभर कोटी भाग पाण्यात वीस-चाळीस भाग असले तरी काही लोकांना वास आणि चव कळते. २००४ पासून त्या राज्यात त्यावर बंदी आली. वाळवंटातल्या देशांत अजूनही ते वापरले जाते आणि जहाजांनी बाहेरही जाते. आम्हांला विचाराल तर दोष टाकीच्या गळक्या तळाचा अधिक, पण विहीर बिघडलेल्या गावाला असे सांगून समाधान होत नाही.

आता तो मुलगा जुबैलला नेमके काय करतो, ते सांगू. तो दाणे सांभाळतो. कारण हे दाणे मोठे नाजूक.

एक भीती उष्णतेची. साधारण एकशेवीस अंशांपलीकडे जाळीवरचे आम्लाचे गट सुटू लागतात. सुटलेले आम्ल पुढच्या लोखंडी नळ्यांत जाऊन त्या कुरतडते. ही जोडी जमताना स्वतःच उष्णता निर्माण होते, आणि मिथेनॉल कमी पडले तर आयसोब्यूटीन आपापसांतच जुळू लागते व तापमान आणखी चढते. म्हणून मिथेनॉल नेहमी थोडे जास्तच ठेवतात.

दुसरी भीती आहे ती ऐकून आम्ही थांबलो. मिठाची. ज्या मिठाने आपल्या यंत्रातले दाणे ताजेतवाने होतात, तेच मीठ तिथे विष. मिथेनॉलमध्ये सोडियमचा अंश आला, नळ्यांचा गंज म्हणजे लोखंड आले, की सराफ आपले काम चोख करतो. सोडियम घेतो आणि प्रोटॉन देऊन टाकतो. प्रोटॉन गेला की तो गट उत्प्रेरक म्हणून मेला. दाणा दिसतो तसाच, पण जोडी जमत नाही. अदलाबदलीच्या ज्या गुणामुळे दाणा आपल्याला उपयोगी, त्याच गुणामुळे तो तिथे मरतो. आणि जुबैल समुद्रकाठी, हवेतच मीठ. म्हणून मुख्य नळकांड्याच्या आधी दाण्यांचे आणखी एक भांडे ठेवतात. त्यातल्या दाण्यांनी सोडियम आणि लोखंड अडवायचे आणि स्वतः मरायचे, म्हणजे आतले वाचतात. मेलेले दाणे काही वर्षांनी उपसून नवे भरतात. फोटो काढला गेला तो असाच नवे दाणे भरण्याच्या दिवशी.

त्याच जुबैलमध्ये फिनॉल आणि अॅसिटोन यांची जोडी अशाच दाण्यांवर जमवून बिसफिनॉल बनवतात, आणि त्यापासून पुढे पॉलिकार्बोनेट, म्हणजे न फुटणारे स्वच्छ प्लॅस्टिक. आपल्यापैकी अनेकांच्या चष्म्याच्या काचा त्याच जातीच्या आहेत.

मुंबईचा उल्लेख केल्याशिवाय आम्हांला पुढे जाववत नाही. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, प्राध्यापक मनमोहन शर्मा आणि त्यांचे विद्यार्थी यांनी या दाण्यांचा उत्प्रेरक म्हणून जो अभ्यास केला तो जगभर वाचला जातो. १९९० मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. आणि हे दाणे बनवणारी भारतातली एक जुनी कंपनी, आयन एक्स्चेंज, १९६४ मध्ये निघाली, तिची कचेरी महालक्ष्मीला आहे. रस्त्याचे नाव डॉ. ई. मोझेस रोड. वाचकांना सांगायला नको, हे आपले डॉ. एलिजा मोझेस, १९३७-३८ चे मुंबईचे महापौर.

तेल्यांच्या नातवंडांसाठी एक लहानशी गोष्ट. तेल जुने झाले की खवट होते, म्हणजे त्यात मोकळी आम्ले तयार होतात. असे तेल मिथेनॉलबरोबर याच आम्लाच्या दाण्यांवरून नेले की ती आम्ले इंधनाच्या उपयोगी द्रव्यात बदलतात. घाण्यावर जे तेल फेकून द्यावे लागले असते ते असे गाडीत जाऊ शकते.

शेवटी औषधाचे. मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना रक्तातले पोटॅशियम वाढल्यावर पाण्यात कालवून घ्यायची भुकटी देतात. ती हीच राळ, सोडियम बसवलेली. आतड्यात ती पोटॅशियम घेते व सोडियम देते. अमेरिकेत ती १९५८ पासून औषध म्हणून मान्य आहे. ज्यांना मीठ वर्ज्य आहे, किंवा हृदय अशक्त आहे, त्यांनी हे सोडियमचे देणे डॉक्टरांच्या ध्यानात आणून द्यावे. ज्यांना बद्धकोष्ठ आहे किंवा आतड्याचे ऑपरेशन झाले आहे त्यांनीही. कोलेस्टेरॉलसाठी कोलेस्टिरामीन नावाची भुकटी मिळते, ती उलट भाराची राळ. ती पित्ताची आम्ले धरून बाहेर नेते, मग शरीर नवे पित्त बनवण्यासाठी कोलेस्टेरॉल खर्च करते.

पण सराफ माणूस ओळखत नाही. समोर आलेले दुसरे औषधही तो धरून ठेवतो, आणि सकाळची गोळी पोटात असून नसल्यासारखी होते. हृदयाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी ती कोलेस्टिरामीनच्या निदान एक तास आधी घ्यावी, किंवा नंतर चार ते सहा तासांनी; थायरॉइडच्या गोळीत निदान चार तासांचे अंतर ठेवावे. पोटॅशियमच्या भुकटीसाठी आधी-नंतर निदान तीन तासांचे अंतर सांगतात. आपल्या डब्यात यांपैकी एखादी पुडी असेल तर नक्की वेळ कुपात खोलिममधल्या डॉक्टरांना किंवा रोकेआखला विचारून डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.